नाणी पुन्हा ओळखताना

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी इंग्लंडला गेले. नोकरीची बहुतेक वर्षं बर्मिंगहॅममध्ये औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात गेली आणि मग पुण्याला कायमची परतले. मधल्या काळात येणंजाणं होतंच, पण ते पाहुणीचं. रिक्षाचे पैसे दादाने द्यायचे, भाजी वहिनीने आणायची. आपल्या देशातल्या सुट्ट्या पैशांशी माझा खरा संबंध पुन्हा जुळला तो घर मांडल्यावर. दूध, भाजी, बस, इस्त्री, फुलपुडी या रोजच्या व्यवहारांत हातात येणारी नाणी मी सोडून गेले होते तशी उरली नव्हती.

परत आलेल्यांना लोक पूल, मेट्रो आणि उंच इमारतींबद्दल विचारतात. मला या काळाचा हिशेब नाण्यांमध्ये जास्त स्पष्ट दिसला. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. परतून येणाऱ्यांना ते उपयोगी पडेल आणि इथेच राहिलेल्यांना आपल्याच खिशातलं काही नव्याने दिसेल, असं मला मनापासून वाटतं.

१. बदल आधी बोटांना कळतो, मग डोळ्यांना

बसमध्ये कंडक्टरने परत दिलेलं नाणं मुठीत घेतलं की बोटं सांगत, हे आठ आणे. मूठ उघडून पाहिलं की त्यावर एक रुपया लिहिलेला. असं वारंवार होऊ लागलं तेव्हा आईच्या डब्यातली जुनी नाणी काढून मी नव्यांशेजारी मांडली आणि बोटांचं म्हणणं खरं निघालं.

१९८८ पासून चाललेलं स्टीलचं आठ आण्याचं नाणं २२ मिलिमीटर व्यासाचं आणि ३.७९ ग्रॅम वजनाचं होतं. २०११ च्या मालिकेतला रुपया नेमका तेवढाच आहे. १९९२ चा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ चे दोन रुपये नेमके त्याच मापाचे. आणि २०११ चं पन्नास पैशांचं नाणं १९ मिलिमीटरचं, म्हणजे गेंड्याचं चित्र असलेल्या आपल्या जुन्या चार आण्यांएवढं. थोडक्यात, प्रत्येक नाणं एकेक पायरी खाली उतरून धाकट्याच्या जागी जाऊन बसलं.

हे दादाला दाखवलं तेव्हा त्याला नवल वाटलं, कारण दोन्ही नाणी त्याने रोज हाताळली होती. पण त्याच्या हातात नवी नाणी एकेक करून आली आणि जुनी एकेक करून गेली. रोज थोडं थोडं बदलणारं माप रोज पाहणाऱ्याला जाणवत नाही. दूर गेलेल्या माणसाकडे जुनं माप जसंच्या तसं राहतं. ते मापाला माप लावून पाहायला उपयोगी पडतं आणि परतणाऱ्याने ते वापरावं.

२. नाणं लहान होण्यामागे धातूचं गणित असतं

रुपया लहान झाला की पहिली हळहळ त्याच्या घसरलेल्या किमतीबद्दल असते. ती खरीच आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. नाणं पाडायला धातू लागतो आणि त्या धातूला बाजारभाव असतो. नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतला धातू महाग झाला की लोक नाणी वितळवू लागतात आणि सुट्ट्यांची टंचाई होते.

आईच्या डब्यात या गणिताचे सगळे टप्पे सापडतात. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये ती पूर्णच जाऊन निकेल आलं. दशमान पद्धतीनंतरचा, १९६२ पासूनचा निकेलचा रुपया दहा ग्रॅमचा. १९७५ मध्ये तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा आठ ग्रॅमचा रुपया आला, १९८३ मध्ये सहा ग्रॅमचा, १९९२ मध्ये पाच ग्रॅमच्या आतला स्टीलचा, २०११ मध्ये पावणेचार ग्रॅमच्या आसपासचा. २०१९ च्या मालिकेतला रुपया २० मिलिमीटरचा आणि जेमतेम तीन ग्रॅमचा आहे.

पाच रुपयांचं जुनं जाड नाणं आठवत असेल. ते नऊ ग्रॅमचं होतं. ती नाणी सीमेपार नेऊन वितळवली जातात आणि त्यांची दाढीची पाती बनवली जातात, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत. २००७ मध्ये पाच रुपये स्टीलचे झाले आणि पुढे २००९ पासून पितळी रंगाचं आजचं नाणं आलं. इंग्लंडमध्येही हेच गणित चालतं. १९९७ मध्ये तिथलं पन्नास पेन्सचं नाणं साडेतेरा ग्रॅमवरून आठ ग्रॅमवर आलेलं मी काउंटरवर पाहिलं आणि २०१२ पासून पाच आणि दहा पेन्सची नाणी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची होऊ लागली. म्हणून आपल्या रुपयाचं शरीर रोडावलं याचा दोष मी कोणाला देत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. शरीर बदलताना ओळख राखली का?

३. नाण्याची खरी परीक्षा न पाहणाऱ्या हातात होते

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे.

माझ्या आईला काचबिंदू आहे. तिला समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही, आणि संध्याकाळनंतर फारच कमी. पण आपले पैसे आपण मोजायचे हा तिचा निश्चय आहे. देवळात जाताना ती बटव्यातली नाणी मांडीवरच्या पदरावर ओतते आणि बोटांनी वेगळी करते. एकदा नाणी चाचपताना ती म्हणाली, "अगं, पूर्वी दोन रुपयाला कोपरे होते. हात लावला की कळायचं."

ती म्हणत होती ते नाणं अकरा कोनांचं होतं, नव्वदच्या दशकात सर्वत्र चाललेलं, भारताचा नकाशा असलेलं. त्याच्याआधीच्या पैशांना तर प्रत्येकी स्वतःचा आकार होता. पाच पैसे चौकोनी, तीन पैसे आणि अ‍ॅल्युमिनियमचे वीस पैसे षटकोनी, दोन पैसे आणि दहा पैसे पाकळ्यांच्या काठाचे, चार आणे गोल. वाचता न येणारी बाई, अंधारात दिवा लावायच्या आधी पैसे मोजणारा दुकानदार, दृष्टिहीन माणूस, या सर्वांना नाणं स्वतःहून आपली किंमत सांगत असे.

२००५ नंतर दोन रुपये स्टीलचे आणि गोल झाले. २००७ मध्ये हातांच्या मुद्रा असलेली मालिका आली. पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. चित्राची कल्पना सुंदर होती आणि निरक्षर माणसालाही समजणारी होती. पण चित्र डोळ्यांसाठी असतं. बोटांना ती तिन्ही नाणी गोल, गुळगुळीत, स्टीलची, फक्त थोडी लहानमोठी लागत. २०११ ला पुन्हा मापं बदलली. तेव्हा पाच रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं आणि दोन रुपयांचं २५ मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या किमतीचं नाणं रुंदीला लहान. जाडी आणि वजन पाचाचं जास्त, हे खरं, पण बोट आधी रुंदी मोजतं.

सर्वांत मोठी अडचण अशी की एकही जुनी मालिका बाजारातून पूर्ण जात नाही. आईच्या पदरावर एकाच वेळी १९९२ चा रुपया, २०११ चे दोन रुपये आणि २०१९ चा रुपया असतो. पहिली दोन बोटांना सारखी लागतात आणि त्यांची किंमत दुपटीने वेगळी असते. डोळस माणसाला ही एका क्षणाची खातरजमा, आईसाठी मात्र कोणावर तरी विसंबण्याची वेळ.

इंग्लंडमध्ये पन्नास पेन्सचं नाणं लहान झालं तेव्हा त्याचे सात कोन तसेच ठेवले होते आणि जुनं मोठं नाणं काही महिन्यांतच चलनातून काढून घेतलं. माप बदललं तरी आकार तोच राहिला, त्यामुळे माझ्या दुकानात येणारी वृद्ध गिऱ्हाइकं अडखळली नाहीत. हे मी पाहिलेलं आहे म्हणून सांगते.

आपल्याकडेही पाऊल पडलं आहे. मार्च २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते जाहीर झालेली एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची मालिका दृष्टिहीनांचा विचार करून आखली आहे. किंमत वाढेल तसं वजन वाढतं. रुपया २० मिलिमीटरचा, दोन २३ चे, पाच २५ चे, दहा २७ चे. वीसही २७ मिलिमीटरचेच, पण त्याला बारा कडा आहेत, त्यामुळे दहा आणि वीस यांत बोट चुकत नाही. आईच्या हातात वीस रुपयांचं नाणं दिलं तेव्हा तिने ते दोनदा फिरवलं आणि म्हणाली, "हे बरं आहे." माझ्या मते त्या नाण्याला याहून मोठी पावती नाही.

४. एकाच किमतीची अनेक रूपं असली तरी सगळी खरी असतात

दहा रुपयांच्या नाण्याबद्दल मी परतल्यानंतर जितकं ऐकलं तितकं कशाबद्दलच नाही. "हे चालत नाही." "पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं." "रुपयाची खूण नाही, घेणार नाही." गावाकडच्या एका दुकानात हे नाणं नाकारलं गेलं तेव्हा शेजारी उभी असलेली मोलकरीण मजुरीत मिळालेली तीच नाणी परत कमरेच्या पिशवीत ठेवत होती. तिला दुसरं काही द्यायला नव्हतं, म्हणून तेल न घेता गेली. अफवेची किंमत कोण मोजतं, हे त्या दिवशी मी पाहिलं.

खरी गोष्ट साधी आहे. दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं २००९ मध्ये लोकांच्या हातात आलं. रुपयाचं आजचं चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि ते नाण्यांवर आलं २०११ मध्ये. म्हणून त्याआधीच्या, पंधरा रेघांच्या नाण्यावर ते नसणारच. त्याखेरीज वेळोवेळी स्मृतिनाणी निघाली. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की तोवर काढलेली दहा रुपयांची चौदाही रूपं चलनात वैध आहेत, आणि शंका असणाऱ्यांसाठी १४४४० हा निःशुल्क क्रमांकही दिला.

२०११ चा नाणे कायदाही प्रत्येकाला ठाऊक असावा. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. म्हणजे दुकानदारावर पोतंभर नाणी मोजण्याची सक्ती नाही, पण चार नाणी देणाऱ्या गिऱ्हाइकाचा हक्कही सुरक्षित आहे. आता कोणी "चालत नाही" म्हणालं की मी भांडत नाही. नाणं उलटवून त्यावरचं साल दाखवते, चिन्ह केव्हा आलं ते सांगते. बहुतेक वेळा पुढचा माणूस ऐकतो, कारण त्यालाही पुढे ते कोणी घेईल की नाही याचीच धास्ती असते.

५. नाणं बंद होण्याच्या दोन रीती आहेत

इंग्लंडमध्ये २८ मार्च २०१७ ला बारा कडांचा नवा पौंड आला आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जुना गोल पौंड दुकानांतून बाद झाला. टांकसाळीच्या अंदाजाने गोल पौंडांतलं साधारण तिसातलं एक नाणं बनावट होतं, म्हणून ही घाई. मधल्या महिन्यांत आमच्या दुकानात भित्तिपत्रक लावलेलं होतं आणि आम्ही प्रत्येक वृद्धाला तारीख तोंडी सांगत होतो.

आपल्याकडे अशी एक तारीख ३० जून २०११ ही होती. त्या दिवसानंतर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धती सुरू झाली तेव्हाच्या एक नव्या पैशापासूनचं सगळं कुटुंब त्या तारखेला संपलं.

पण आठ आणे तसे गेले नाहीत. पन्नास पैसे आजही कायद्याने वैध आहेत. दुकानदार घेत नाही, भाजीवाली घेत नाही, दानपेटीत टाकायला लोक संकोचतात. कुठलाही आदेश न निघता ते व्यवहारातून नाहीसे झाले. जाहीर तारखेमुळे माणसाला नाणी बँकेत नेऊन बदलून घ्यायला वेळ मिळतो. मूकपणे गेलेल्या नाण्याचं नुकसान ज्याच्या डब्यात ते उरलं त्याच्याच माथी बसतं. म्हणून माझं मत आहे की व्यवहारातून गेलेल्या नाण्याबद्दल सरकारने स्पष्ट बोलावं: चालणार असेल तर ते घेतलं जाईल असं पाहावं आणि चालणार नसेल तर तारीख द्यावी.

६. नाण्याच्या दोन्ही बाजू वाचाव्यात

लहानपणी छापा की काटा एवढ्यापुरतंच आम्ही नाणं उलटवत असू. आता मी ते वाचते. १९७४ च्या दहा पैशांवर नियोजित कुटुंबाचा आणि सर्वांना अन्न मिळण्याचा संदेश होता. त्या काळी देशाला कशाची काळजी होती ते त्या एका ओळीत कळतं. १९९२ च्या रुपयावर धान्याची कणसं होती, २०११ ला रुपयाचं नवं चिन्ह आलं, आणि २०१९ च्या मालिकेत पुन्हा धान्य परतलं.

महाराष्ट्राच्या माणसासाठी तर या चिल्लरीत घरचीच माणसं आहेत. १९९० चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. ही नाणी कपाटात ठेवण्यासाठी काढलेली नव्हती. ती किराणा दुकानात, एसटीत, आठवडी बाजारात फिरली.

सालाखालची बारीक खूणही पाहावी. चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईची टांकसाळ फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ पासून उभी आहे. माझ्या भाच्याला ही चौकट शोधायला दिली तेव्हा आपल्या गल्ल्यातलं नाणं शंभर मैलांच्या आत घडलं याचं त्याला केवढं अप्रूप वाटलं!

मला स्वतःला चकित केलं ते १९८५ च्या एका रुपयाने. त्याच्या सालाखाली इंग्रजी एच अक्षर आहे. त्या सुमारास देशात नाण्यांची टंचाई होती आणि सरकारने काही नाणी परदेशी टांकसाळींकडून पाडून घेतली. एच ही बर्मिंगहॅमच्या हीटन घराण्याच्या टांकसाळीची खूण. शाळेत असताना माझ्या हातून गेलेले ते रुपये ज्या शहरातून आले होते, त्याच शहरात मी पुढे आयुष्याची इतकी वर्षं राहिले. ती टांकसाळ २००३ मध्ये बंद पडली. देश सोडून जाणं आणि परत येणं फक्त माणसांच्या वाट्याला येतं असं मला वाटत होतं. त्या रुपयाने माझ्याआधी हा प्रवास केला होता.

७. नाण्याची कामं गेली की नाणं एकटं पडतं

मी गेले तेव्हा रुपयाच्या नाण्याला किती कामं होती! पानपट्टीवरच्या फोनमध्ये रुपया टाकला की बोलता येई. रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात टाकला की वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट हातात पडे. कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटामागे बाकी लिहून देई आणि उतरताना ती आठवणीने मागून घ्यावी लागे.

आज भाजीच्या गाडीवर चौकोनी कोडाचा फलक असतो आणि पैसे पोहोचल्याचं यंत्र मोठ्याने सांगतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्यानंतर काही वर्षांतच बाजाराची सवय बदलली. या बदलाचं मला कौतुक आहे. सत्तेचाळीस रुपयांचे सत्तेचाळीसच द्यावे लागतात, तीन रुपयांऐवजी गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. रात्री उशिरा घरी जाणाऱ्या भाजीवालीला रोख रकमेची भीती नाही.

पण ज्यांच्या हातात फोन नाही किंवा फोन आहे पण तो चालवायला मुलाची वाट पाहावी लागते, त्यांच्यासाठी नाणंच व्यवहार आहे. माझी आई, तिच्या मैत्रिणी, घरकामाला येणाऱ्या मावशी, खाऊ आणायला निघालेली पोरं. बाकीच्यांनी नाणी वापरणं सोडलं की दुकानदार सुट्टे ठेवणं सोडतो, आणि मग यांनाच "सुट्टे नाहीत" हे ऐकावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा शहरांत कोड स्कॅन करून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. नाणी आहेत, पण योग्य हातांपर्यंत पोहोचत नाहीत, हे त्यातून मान्य झालं. तो विचार मला योग्य वाटतो. मी स्वतः आठवड्यातून काही खरेदी मुद्दाम नाण्यांनी करते. गल्ल्यात सुट्टे खेळते राहिले तर पुढच्या आजीला ते मिळतात.

८. मंगलकार्यात रुपयाची जागा पक्की आहे

आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला एक रुपया, पूजेत विड्याच्या पानावर सुपारीशेजारी ठेवलेलं नाणं, कलशात टाकलेलं नाणं, बाळाच्या हातात दिलेला पहिला रुपया. रुपया दहा ग्रॅमचा होता तेव्हा हे होतं आणि तीन ग्रॅमचा झाला तरी आहे. माणसाने नाण्यावर ठेवलेला विश्वास धातूच्या वजनावर अवलंबून नाही, हे मला इथे कळलं. आणि ज्या वस्तूवर समाज इतका विश्वास ठेवतो ती घडवणाऱ्यांची जबाबदारी तेवढीच मोठी.

९. जुनं माप आठवणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे

परत आलेल्या माणसाने सतत तुलना करू नये असं म्हणतात. "आमच्या तिकडे" हे शब्द मीही टाळते. पण पाहिलेलं सांगणं वेगळं. इथे राहिलेल्यांना न जाणवलेला बदल आपल्याला जाणवला असेल तर तो मापासकट, सालासकट सांगावा. त्यातून काही मागणंही मागावं.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, २०१९ ला ठरलेली मापं आणि वीस रुपयांचा बारा कडांचा आकार आता निदान एक पिढी बदलू नये. चित्रं हवी तितकी बदलावीत, हात लावून ओळखायची गोष्ट तशीच ठेवावी. दुसरी, जुन्या मालिकांतली बोटांना फसवणारी नाणी, विशेषतः १९९२ पासूनचा मोठा रुपया, बँकांमध्ये आली की पुन्हा बाहेर जाऊ देऊ नयेत. तिसरी, पुढचं कोणतंही नाणं ठरवताना नमुना आधी न पाहणाऱ्यांच्या हातात द्यावा आणि त्यांचा होकार येईपर्यंत साचा घडवू नये. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मोबाईलवरचं मणी हे अ‍ॅप दिलं, ते चांगलंच झालं. नाण्याला मात्र असा मदतनीस लागूच नये. नाणं हातात पडताक्षणी स्वतःच बोललं पाहिजे.

आणि घरातल्या प्रत्येकाने करण्यासारखं एक काम आहे. घरातल्या वृद्धांच्या बटव्यातली नाणी त्यांच्यासोबत बसून एकदा वेगळी करा. एकसारखी लागणारी काढून घ्या आणि त्यांच्याऐवजी नवी, चढत्या मापाची द्या. डोळे मिटून आपणही एकदा ओळखून पाहा. अर्ध्या तासाचं हे काम आहे, पण त्यानंतर आपल्या आईला किंवा आजोबांना दुकानात पैसे मोजून देण्यासाठी कोणाचं तोंड पाहावं लागत नाही. आपले पैसे आपल्या हाताने मोजता येणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि देशाचं सर्वांत लहान नाणंसुद्धा त्या हक्कासाठी घडवलेलं असावं.